शांतिसेना परत कधी आणायची? श्रीलंकेतल्या माघारीचा वाद : एक प्रकरण

१ जून १९८९ रोजी कोलंबोजवळच्या बट्टरमुल्लात, एका मंदिराच्या कार्यक्रमात बोलताना श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जाहीर करून टाकलं की भारतीय शांतिसेनेने २९ जुलैपर्यंत देश सोडून जावं. भारत-श्रीलंका कराराला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होणार होती. दिल्लीशी आधी सल्लामसलत झाली नव्हती. औपचारिक पत्र त्यानंतर गेलं. उत्तर आणि पूर्व श्रीलंकेत हजारो भारतीय जवान, त्यांची वाहनं, तोफा आणि दारूगोळा पसरलेला असताना यजमान देशाच्या प्रमुखाने भर सभेत घालवून देण्याची तारीख सांगावी, असा प्रसंग स्वतंत्र भारताच्या लष्करावर त्याआधी आला नव्हता.

परक्या भूमीवरचं नकोसं युद्ध आणि तिथून सैन्य मागे घेण्याचा वाद म्हटलं की आपल्या बोलण्यात व्हिएतनाम येतं, इराक येतो, अफगाणिस्तान येतं. १९८७ ते १९९० या काळात आपणही त्याच वाटेने गेलो होतो, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक तिथे मारले गेले, जवळपास तीन हजार जखमी झाले. आकडा कारगिलच्या दुपटीहून जास्त आहे. तरी त्या युद्धाची आपल्याकडे धड आठवणही ठेवली गेली नाही.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. माघारीचा वाद सुमारे दहा महिने चालला आणि तो जवळजवळ पूर्णपणे तारखेभोवती फिरला. सैन्य गेल्यावर तिथे आपल्या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसांचं काय होईल, याचा विचार कोणत्याच बाजूने गांभीर्याने केला नाही. आणि हा वाद जिथे व्हायला हवा होता त्या भारतीय संसदेत तो नीट झालाच नाही, कारण सैन्य पाठवतानाही तो तिथे झाला नव्हता.

सैन्य गेलं कसं

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जुलै १९८३ मध्ये जाफनाजवळ लिट्टे या तमिळ सशस्त्र संघटनेने श्रीलंकेच्या १३ सैनिकांना मारलं आणि त्यानंतर कोलंबोसह दक्षिणेत तमिळांच्या भीषण कत्तली झाल्या. हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. भारताने एकीकडे मध्यस्थी केली आणि दुसरीकडे तमिळ सशस्त्र गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्चीवर मोहीम काढली, तेव्हा ४ जून रोजी भारतीय हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफनावर मदतसामग्री टाकली. कोलंबोला त्यातून द्यायचा तो इशारा मिळाला. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. तेव्हा श्रीलंकेचे पंतप्रधान असलेले प्रेमदासा या कराराच्या विरोधात होते आणि सह्यांच्या समारंभापासून दूर राहिले. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेत असताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. त्या दोन दिवसांतच पुढच्या गोष्टीची सगळी पात्रं रंगमंचावर आली होती.

करारावर ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची होती त्या लिट्टेची सहीच नव्हती. तिचा नेता प्रभाकरनला दिल्लीत आणून एका हॉटेलात ठेवण्यात आलं होतं, त्याची संमती गृहीत धरली गेली. ४ ऑगस्टला सुदुमलईच्या सभेत त्याने शस्त्रं भारताच्या स्वाधीन करत असल्याचं सांगितलं, पण स्वतंत्र ईलमचं, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राचं, ध्येय सोडलं नसल्याचंही त्याच भाषणात स्पष्ट केलं. शस्त्रं आली ती थोडी, आणि त्यांतली बरीचशी जुनी होती.

सप्टेंबरअखेर लिट्टेचा नेता तिलीपन उपोषणात मरण पावला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या १७ जणांपैकी १२ जणांनी पलालीच्या तळावर सायनाइड खाऊन जीव दिला. त्यानंतर हिंसाचाराचा आगडोंब उसळला आणि शांतता राखायला गेलेलं सैन्य १० ऑक्टोबरपासून 'ऑपरेशन पवन'मध्ये उतरलं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतला एकच जवान जिवंत राहिला, तोही कैदेत. महिनाअखेर जाफना ताब्यात आलं, पण त्याची किंमत तिथल्या नागरिकांनीही दिली. २१ आणि २२ ऑक्टोबरला जाफना रुग्णालयात रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर धरून साठहून अधिक माणसं मारली गेल्याच्या नोंदी मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी करून ठेवल्या आहेत. आतून गोळीबार झाला, असं भारतीय लष्कराचं म्हणणं होतं. ज्या तमिळांनी ऑगस्टमध्ये जवानांना हार घातले होते, त्यांच्याच मनात ऑक्टोबरनंतर हे सैन्य परकं झालं.

महाराष्ट्राचा या युद्धाशी संबंध जवळचा आहे. संपूर्ण मोहिमेची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख होते. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले आणि शिकलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि अखेरपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्यांच्या शौर्याबद्दल लिहिणाऱ्यांनी ते तिथे नेमकं कशासाठी गेले होते, हा प्रश्नही विचारायला हवा. तसं केल्याने शौर्याला कमीपणा येत नाही.

करारात नेमकं काय होतं

१९८९ च्या वादाचा कायदेशीर गाभा करारातल्या तीन तरतुदींत होता. माझ्या मते राजीव-प्रेमदासा वाद समजून घ्यायला भाषणांपेक्षा या तरतुदी जास्त उपयोगी पडतात.

कलम २.१४ म्हणतं की भारत सरकार या तोडग्याची हमी घेईल आणि त्याच्या अंमलबजावणीत सहकार्य करेल. कलम २.१६ मधला 'ग' म्हणतो की श्रीलंका सरकारने लष्करी मदत मागितली तर, मागेल तशी आणि तेव्हा, भारत ती देईल. आणि सोबतच्या परिशिष्टात आहे की गरज पडल्यास शांतिसेनेला निमंत्रण द्यायचं ते श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी.

दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं याच मजकुरात सापडलं. राजीव गांधींच्या सरकारने हमीवर बोट ठेवलं. करार दोन देशांमधला आहे, त्यात तमिळ भागांना अधिकार देण्याचं वचन आहे, ते वचन पुरं होईपर्यंत हमी देणारा मध्येच उठून जाऊ शकत नाही. त्यामुळे सैन्याची माघार आणि अधिकारांचं वाटप या दोन गोष्टी बरोबरीने झाल्या पाहिजेत, ही दिल्लीची भूमिका. प्रेमदासांनी निमंत्रणावर बोट ठेवलं. बोलावलं ते राष्ट्राध्यक्षांनी, आता राष्ट्राध्यक्षच सांगताहेत की काम झालं. अधिकार किती आणि कसे द्यायचे हा श्रीलंकेच्या राज्यघटनेचा विषय आहे, त्याचा परक्या सैन्याच्या मुक्कामाशी संबंध जोडता येणार नाही.

जून आणि जुलै १९८९ मध्ये दोघांमध्ये या मुद्द्यांवर पत्रापत्री झाली आणि तिचा सूर दिवसेंदिवस कडवट होत गेला. मला विचाराल तर सैन्याच्या मुक्कामाबाबत प्रेमदासांची बाजू बळकट होती. ज्या देशाच्या लोकनियुक्त प्रमुखाला तुमचं सैन्य नको आहे तिथे ते ठेवलं, तर ती फौज शांतिसेना उरत नाही. पण हमीच्या प्रश्नावर राजीव गांधींचं म्हणणं खोटं नव्हतं. भारताने खरोखरच तमिळांना शब्द दिला होता, आणि तमिळ गटांपैकी काहींनी त्या शब्दावर जीव टांगणीला लावला होता. चूक झाली ती या दोन गोष्टी एकमेकांना बांधण्यात. सैन्य राहिलं म्हणजे शब्द पाळला असा अर्थ दिल्लीने काढला, आणि सैन्य गेलं की शब्दही संपला असा अर्थ पुढे सगळ्यांनीच सोयीने स्वीकारला.

कोणाला काय हवं होतं

प्रेमदासांची घाई समजून घ्यायची तर श्रीलंकेच्या दक्षिणेकडे पाहावं लागतं. तिथे जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या संघटनेने सशस्त्र बंड पुकारलं होतं आणि तिची मुख्य घोषणा भारतविरोधी होती. डिसेंबर १९८८ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत प्रेमदासा आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी सिरिमाओ बंदरनायके या दोघांनीही भारतीय सैन्य घालवण्याचं आश्वासन दिलं होतं. म्हणजे सैन्य राहावं असं म्हणणारा एकही मोठा उमेदवार सिंहली मतदारांसमोर नव्हता. प्रेमदासांना बंडखोरांच्या हातातला हा मुद्दा काढून घ्यायचा होता. तो निघाल्यावर, १९८९ च्या उत्तरार्धात त्यांच्या सरकारने ते बंड अत्यंत निर्दयपणे चिरडलं. नोव्हेंबरमध्ये त्याचा नेता रोहण विजेवीरा मारला गेला.

याच काळात प्रेमदासांनी लिट्टेशीही बोलणी सुरू केली. एप्रिल-मे १९८९ पासून लिट्टेचे प्रतिनिधी कोलंबोत सरकारी पाहुणचार घेत होते. दोघांचा शत्रू त्या घडीला एकच होता, भारतीय सैन्य. प्रेमदासांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रंही पुरवली, हे पुढे श्रीलंकेतच उघड झालं. जी शस्त्रं भारतीय सैन्यावर आणि भारताच्या बाजूच्या तमिळांवर चालली तीच वर्षभरात श्रीलंकेच्या सैन्यावर उलटली. प्रेमदासांच्या बाजूचा कायदा कितीही बळकट असला तरी ही गोष्ट माफ करण्यासारखी नाही. १३ जुलै १९८९ रोजी, बोलणी चालू असतानाच, लिट्टेच्या माणसांनी मवाळ तमिळ नेते अमृतलिंगम यांना कोलंबोत त्यांच्या राहत्या जागी गोळ्या घातल्या. बोलणी थांबली नाहीत.

भारतात सर्वांत उघड विरोध मद्रासहून येत होता. जानेवारी १९८९ मध्ये द्रमुक सत्तेवर आला आणि मुख्यमंत्री करुणानिधी यांनी शांतिसेना परत आणण्याची मागणी लावून धरली. तमिळांच्या रक्षणासाठी गेलेलं सैन्य तमिळांशीच लढतं आहे, ही त्यांची तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. पण तिच्यात लिट्टेकडून मारल्या जाणाऱ्या तमिळांना फारशी जागा नव्हती. जाफनात शिक्षक, नगरसेवक आणि इतर गटांचे कार्यकर्ते लिट्टेच्या गोळ्यांना बळी पडत होते, आणि माघारीची मागणी करणारे त्यांच्याबद्दल क्वचितच बोलत.

राष्ट्रीय पातळीवर विरोधी पक्षांनी शांतिसेनेचा मुद्दा उचलला होता, पण त्यांचं खरं लक्ष बोफोर्सवर होतं. इथे एक तपशील मला फार बोलका वाटतो. २४ जुलै १९८९ रोजी बोफोर्स व्यवहारावरच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. त्याच आठवड्यात, २८ जुलैला, दिल्ली आणि कोलंबो यांच्यात माघार सुरू करण्याबद्दल संयुक्त निवेदन निघालं आणि २९ जुलैला त्रिंकोमालीहून पहिली छोटी तुकडी निघाली. देशाच्या सर्वांत मोठ्या परदेशी मोहिमेचा शेवट सुरू होत होता आणि लोकसभेतले विरोधी बाक रिकामे होते. राजीनाम्यांमागची कारणं त्यांच्या दृष्टीने पटण्यासारखी असतील. परिणाम मात्र असा झाला की सरकारला माघारीचे अवघड प्रश्न विचारायला सभागृहात फारसं कोणी उरलं नाही.

तसे प्रश्न आधीही विचारले गेले नव्हते. परदेशात सैन्य पाठवायला आपल्याकडे संसदेची परवानगी लागत नाही. हा सरकारच्या अधिकारातला निर्णय असतो. १९८७ मध्ये संसदेत निवेदनं झाली, चर्चाही झाल्या, पण सैन्य किती, किती काळ, कोणत्या उद्दिष्टासाठी आणि काय घडलं म्हणजे परत येईल, यांतल्या कशावरही सभागृहाचं मत घेतलं गेलं नाही. चारशेहून अधिक खासदारांचं बहुमत असलेल्या सरकारला ते सहज मिळालं असतं. मागितलं असतं तर निदान उद्दिष्ट कागदावर आलं असतं. ते न आल्यामुळे शस्त्रं जमा करणं, लिट्टेला नमवणं, निवडणूक घेणं, निवडून आलेल्या परिषदेचं रक्षण करणं, अशी उद्दिष्टं एकामागून एक बदलत गेली. लष्कर जाफनात लढत असताना गुप्तचर यंत्रणा लिट्टेशी मागच्या दाराने बोलत होती. जवानांना आपण जिंकतो आहोत की नाही हे कळायला काही मोजमापच नव्हतं.

लष्कराची बाजूही सांगायला हवी, कारण माघारीच्या वादात ती सहसा दबून जाते. १९८८ च्या अखेरीस शहरं आणि मुख्य रस्ते सैन्याच्या हातात होते आणि लिट्टे जंगलात ढकलली गेली होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक पार पडली ती सैन्यामुळेच. शांतिसेनेची जबाबदारी त्या वेळी सांभाळणारे लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना असं वाटत होतं की लष्कराने आपलं काम केलं, पुढचं राजकारण्यांनी केलं नाही. यात तथ्य आहे. पण आणखी वेळ मिळाला असता तर लिट्टे संपली असती, हा युक्तिवाद मला पटत नाही. लोकांचा पाठिंबा गेलेला, यजमान सरकार शत्रूला शस्त्रं देतंय आणि मायदेशी पाठबळ नाही, अशा स्थितीत मुदतवाढीने मृतांचा आकडा तेवढा वाढला असता. इतके जवान गेले ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी थांबा, असं म्हणणं भावनेला पटतं. पण त्या हिशेबाने कोणतंही युद्ध कधीच थांबवता येणार नाही.

जे विसंबून राहिले

आता या प्रकरणातल्या सर्वांत दुखऱ्या भागाकडे येतो.

नोव्हेंबर १९८८ ची निवडणूक लिट्टेने बहिष्कृत केली होती. तरी ईपीआरएलएफ हा तमिळ गट तिच्यात उतरला आणि वरदराजा पेरुमाल मुख्यमंत्री झाले. शस्त्रं सोडून निवडणुकीच्या मार्गाने या, असं भारताने त्यांना सांगितलं होतं. त्यांची परिषद त्रिंकोमालीत बसली, पण कोलंबोने तिला ना पैसा दिला ना पोलिसांचे अधिकार. तिचं अस्तित्व भारतीय सैन्याच्या छायेवर अवलंबून होतं.

माघार अटळ दिसू लागल्यावर, आपल्यामागे लिट्टेला तोंड द्यायला कोणीतरी असावं म्हणून भारताच्या मदतीने 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभारायचं ठरलं. पुरेसे स्वयंसेवक मिळेनात तेव्हा ईपीआरएलएफ आणि तिच्या सोबतच्या गटांनी सक्तीची भरती सुरू केली. रस्त्यावरून, बसमधून, शिकवणीच्या वर्गांबाहेरून मुलं उचलली गेली. त्यांतली कित्येक शाळकरी वयाची होती. थोडंफार प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातात बंदुका देण्यात आल्या. आया भारतीय छावण्यांच्या दारात मुलांना सोडा म्हणून विनवण्या करत उभ्या राहिल्या. ज्या देशाने तमिळांच्या रक्षणासाठी सैन्य पाठवल्याचं जगाला सांगितलं, त्याच्याच देखरेखीखाली तमिळ आयांची मुलं पळवली गेली. शांतिसेनेच्या इतिहासात लढाईतल्या चुका पुष्कळ सांगितल्या जातात. माझ्या लेखी ही त्या सगळ्यांहून मोठी चूक आहे, कारण हिला युद्धाच्या धुमश्चक्रीची सबब नाही. हे थंड डोक्याने ठरवून झालं.

१८ सप्टेंबर १९८९ रोजी दोन्ही सरकारांमध्ये माघारीचा तपशीलवार करार झाला. वर्षअखेरपर्यंत माघार पूर्ण करण्याचा प्रयत्न करायचा, तमिळ गटांना एकत्र आणणारी शांतता समिती नेमायची आणि नागरिकांच्या सुरक्षेसाठी समन्वय गट स्थापायचा, असं ठरलं. तारखेचा भाग थोड्या उशिराने पाळला गेला. समितीचा आणि सुरक्षेचा भाग कागदावरच राहिला. दहा महिन्यांच्या वादाचं सार एवढ्यात आहे. ज्या कलमावर भांडण झालं ते अमलात आलं, आणि ज्या कलमांवर माणसांचे जीव अवलंबून होते त्यांच्यासाठी कोणीच भांडलं नाही.

सैन्य जिल्ह्याजिल्ह्याने मागे आलं. आधी अंपारै, मग बट्टिकलोआ, असं करत शेवटी त्रिंकोमाली. जिथून भारतीय जवान निघाले तिथे लिट्टे येऊन धडकली. तमिळ राष्ट्रीय सेनेच्या छावण्या कोसळल्या, शेकडो मुलं मारली गेली किंवा शरण आली, आणि भारताने दिलेली शस्त्रं लिट्टेच्या कोठारात गेली. माघार चालू असतानाही सैन्याचं वागणं सुधारलं नव्हतं. ऑगस्ट १९८९ मध्ये, पहिली तुकडी घरी निघाल्यावर आठवडाही झाला नव्हता, वल्वेट्टितुराईत लिट्टेच्या हल्ल्यात जवान मारले गेले आणि त्यानंतर सैन्याने पन्नासहून अधिक नागरिकांना ठार मारल्याचा आरोप झाला. स्थानिक नागरिक समितीने त्याची नावनिशीवार नोंद केली. परत निघालेल्या फौजेला थांबण्याचं कारण उरलेलं नसतं आणि संताप मात्र तसाच असतो. म्हणून माघारीच्या काळात लष्करी शिस्तीची गरज जास्त असते. ती जबाबदारी कोणी नेमून घेतल्याचं दिसत नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले आणि इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री. नव्या सरकारला जुन्या सरकारचं हे ओझं लवकर उतरवायचं होतं. लिट्टेशी बोलण्याचं काम करुणानिधींकडे सोपवलं गेलं. पेरुमाल यांच्या परिषदेला आता दिल्लीत कोणी वाली उरला नाही. १ मार्च १९९० रोजी त्यांनी परिषदेत स्वतंत्र ईलमच्या दिशेने जाणारा ठराव मांडला. पायाखालची जमीन सरकलेल्या माणसाची ती शेवटची धडपड होती. काही दिवसांतच ते भारतात आले आणि पुढची अनेक वर्षं कडक पहाऱ्यात राहिले. त्यांच्या बाजूचे शेकडो कार्यकर्ते कुटुंबांसह समुद्र ओलांडून आले. तमिळनाडू सरकार त्यांना ठेवून घ्यायला राजी नव्हतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ओरिसात न्यावं लागलं.

२४ मार्च १९९० रोजी शेवटचे जवान त्रिंकोमालीहून निघाले. मद्रास बंदरावरच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्या तमिळ बांधवांना मारणाऱ्या सैन्याचं स्वागत आपण करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. युद्धाला विरोध करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि त्यांचा बराच विरोध रास्तही होता. पण गुन्हे घडले असतील तर त्यांची चौकशी मागायची, आणि हुकमावरून गेलेल्या साध्या शिपायाला बंदरावर एक नमस्कार करायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता आल्या असत्या. त्यांनी दुसरी केली नाही. पहिली दिल्लीतल्या कोणत्याच सरकारने केली नाही.

मतदारांनी काय ठरवलं

नको असलेल्या युद्धामुळे सरकारं पडतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. या प्रकरणात तो टिकत नाही. नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस देशभर हरली, पण तमिळनाडूत काँग्रेस आणि अण्णाद्रमुकच्या आघाडीने ३९ पैकी ३८ जागा जिंकल्या. माघारीची मागणी करणाऱ्या द्रमुकला एकही जागा मिळाली नाही. ज्या राज्याला या युद्धाची सर्वाधिक झळ लागली होती तिथेच सैन्य पाठवणारा पक्ष जिंकला. मतदारांनी आघाड्यांची गणितं, स्थानिक नेते आणि एमजीआर यांच्या पक्षातली, म्हणजे अण्णाद्रमुकमधली, फूट सांधली गेल्याचं पाहून मत दिलं. उत्तर भारतात बोफोर्सने निकाल लावला. श्रीलंकेच्या बाजूला मात्र हाच मुद्दा निवडणुकीच्या केंद्रस्थानी होता. त्यामुळे माघारीची तारीख ठरली ती कोलंबोत.

हे लिहिताना मला वाईट वाटतं ते यासाठी की भारतीय लोकशाहीला आपल्या सैनिकांच्या परतीचा निर्णय स्वतः घेण्याची संधी होती. सरकार १९८८ च्या निवडणुकीनंतर, परिषद स्थापन झाल्यावर, स्वतःहून टप्प्याटप्प्याची माघार जाहीर करू शकलं असतं. त्या वेळी देण्याघेण्यासारखं हातात पुष्कळ होतं. प्रेमदासा नुकतेच निवडून आले होते, त्यांना श्रेय हवं होतं. परिषदेला पोलीस दल, निधी आणि जमिनीचे अधिकार मिळवून घेण्याची ती वेळ होती. काही बटालियन १९८९ च्या सुरुवातीला परत आणल्याही गेल्या, पण त्याला राजकीय वाटाघाटीची जोड दिली गेली नाही. जूनमध्ये प्रेमदासांनी तारीख सांगितल्यावर दिल्लीची सगळी शक्ती ती तारीख पुढे ढकलण्यात, म्हणजे इभ्रत राखण्यात गेली.

नंतर

लिट्टे आणि प्रेमदासा यांची मैत्री शांतिसेना गेल्यावर अडीच महिन्यांतच संपली. ११ जून १९९० रोजी पूर्वेत लिट्टेने शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारलं आणि युद्ध पुन्हा पेटलं. १९ जूनला ईपीआरएलएफचे सरचिटणीस पद्मनाभ आणि त्यांचे सहकारी मद्रासमध्ये लिट्टेच्या गोळ्यांना बळी पडले. ऑक्टोबरमध्ये लिट्टेने उत्तरेतल्या मुसलमानांना काही तासांच्या मुदतीत घरंदारं सोडायला लावून हाकललं. जानेवारी १९९१ मध्ये लिट्टेला मोकळीक दिल्याच्या आरोपावरून करुणानिधींचं सरकार बरखास्त झालं. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासाही लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात मारले गेले.

माघार घेतली नसती तर हे टळलं असतं, असा निष्कर्ष काढणारे आहेत. राजीव गांधींची हत्या तर माघारीनंतर, आणि ते पुन्हा सत्तेवर आले तर सैन्य परत येईल या लिट्टेच्या भीतीतून झाली, असं बरेच जण मानतात. तरीही सैन्य परत आणणं बरोबर होतं, असंच माझं मत आहे. चूक परत आणण्यात नव्हती, रिकाम्या हाताने परत आणण्यात होती. कराराने दिलेलं उत्तर आणि पूर्व प्रांतांचं विलीनीकरण २००६ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. प्रांतिक परिषदा निर्माण करणारी श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती आजही आहे, पण तिच्यातले पोलीस आणि जमिनीचे अधिकार प्रांतांना अजून मिळालेले नाहीत. जे १९८९ मध्ये मागून घ्यायचं राहिलं ते भारत-श्रीलंका भेटींच्या निवेदनांत आपण पुढे वर्षानुवर्षं मागत राहिलो.

या अनुभवाचा माग भारताच्या नंतरच्या निर्णयांत दिसतो. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी एका डिव्हिजनएवढं भारतीय सैन्य मागितलं. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव आधीच केला होता. पंतप्रधान वाजपेयींनी विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींशी चर्चा केली. वर्तमानपत्रांत अनेक आठवडे दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं, निवृत्त सेनाधिकारी बोलले. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सैन्य न पाठवण्याचा निर्णय घेतला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, असं कळवण्यात आलं. त्या समितीत संरक्षणमंत्री म्हणून जॉर्ज फर्नांडिस होते. श्रीलंकेच्या मोहिमेला ते विरोध करत आले होते. त्या वेळी वाद सैन्य जाण्याआधी झाला तो सरकारच्या समजुतीने आणि लोकमताच्या दबावाने. परदेशी मोहिमेला संसदेची पूर्वसंमती लागेल, असा कायदा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.